कर्ज फेडता फेडता घर कसं चालवायचं

कर्ज फेडायचं ठरलं की जो भेटेल तो सांगतो खर्च कमी करा. माणूस पहिले दोन-तीन महिने करतोही, बाहेरचं खाणं बंद, दूध अर्धा लिटर कमी, मुलीचा डान्स क्लास बंद, आणि मग जून येतो, शाळेची यादी हातात पडते, मागोमाग गणपती, एका लग्नाचा आहेर, आणि कार्डावर वीस हजार चढतात की झालं, सगळं मुसळ केरात. असं मी इतक्या घरांत बघितलंय की आता ठामपणे सांगते, आपल्याकडे घराचं गणित महिन्याच्या खर्चापेक्षा वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी जास्त बिघडतं. म्हणून फेडायची योजना करायची ती बारा महिन्यांची करा आणि ती घरातल्या सगळ्यांना झेपेल अशी करा, कारण तीन-चार वर्षं चालवायची आहे.

सगळ्यात आधी यादी. एक वही घ्या, मोबाईलमधलं ॲप नको, वही बरी, कारण ती घरात कुणालाही उघडता येते. त्यात प्रत्येक कर्जाला एक पान द्या आणि कुणाचं, किती बाकी, व्याज किती, हप्ता किती, किती तारखेला, किती हप्ते उरले एवढं लिहा. बँकेचं, पतसंस्थेचं, ऑफिसच्या सोसायटीचं, बचत गटाचं, मोबाईलच्या हप्त्याचं, सोनं ठेवून घेतलेलं, भिशी आधी उचलली असेल तर ती, आणि भावाकडून मेहुण्याकडून घेतलेले हातउसने पण. हातउसन्याला व्याज नाही म्हणून लोक ते यादीत धरतच नाहीत आणि मग दिवाळीला त्या घरी जायचं टाळतात. किती कर्जं आहेत ते आठवत नसेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. व्याज लिहिताना एक तपासा, दर फ्लॅट आहे (म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर) की कमी होत जाणाऱ्या बाकीवर आहे. एक लाख रुपये १० टक्के फ्लॅटने तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,६११ बसतो आणि खरा दर जवळजवळ १८ टक्के पडतो, म्हणजे कागदावर स्वस्त दिसणारं कर्ज बँकेच्या १४ टक्केवाल्या कर्जापेक्षा महाग निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्ज देताना बँकेला आणि फायनान्स कंपनीला सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला एक सोपा कागद द्यावाच लागतो, नवीन कर्ज असेल तर तोच बघा.

आता एक घर धरून चालू म्हणजे आकडे कळतील. समजा चिंचवडला राहणारं चौघांचं कुटुंब आहे, नवऱ्याचा पगार हातात ३८,००० येतो, बायको घरून पोळी-भाजीचे डबे देते त्यातून खर्च जाऊन ७,००० सुटतात, मुलं अनुदानित शाळेत. होम लोनचा हप्ता १४,२००, पर्सनल लोनचा ५,६००, पतसंस्थेचा २,०००, मोबाईलचा १,५०० (त्याचे अजून चारच हप्ते उरलेत), क्रेडिट कार्डावर ६०,००० बाकी आणि मेहुण्याचे ५०,०००. कार्डाचे मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला निदान भरावेच लागतात ते, ३,००० धरले तर महिन्याला २६,३०० हप्त्यांतच जातात आणि घराला १८,७०० उरतात. तेवढ्यात घर कसंबसं चालतंय असं त्यांना वाटतं.

पण वर्षाचा हिशोब मांडा. जूनमध्ये दोन मुलांची वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, फी, व्हॅनचा ॲडव्हान्स मिळून १४,०००. एप्रिल-मे मध्ये वर्षाचे गहू, तिखट-हळद, डाळी ९,०००. गणपती ३,०००, दिवाळी ८,०००, एलआयसी १२,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,०००, मालमत्ता कर ४,०००, गावची जत्रा आणि लग्नांचे आहेर धरून ५,०००. बेरीज होते ५८,०००. महिन्याच्या खर्चात यातला एक रुपयाही धरलेला नव्हता, मग हे पैसे आले कुठून? कार्डावर जी ६०,००० बाकी आहे ना, ती बघा. उधळपट्टी कुणीच केली नाही, मॉलमध्ये गेले नाहीत की फिरायला गेले नाहीत, पूर्ण एका वर्षाचे ठरलेले खर्च तेवढे कार्डावर जाऊन बसले. म्हणून भांडायच्या आधी हे वर्षाचं पान लिहा, बऱ्याच घरांत नवरा-बायको एकमेकांना दोष देत असतात आणि दोष कुणाचाच नसतो.

कार्डाचं इथेच बोलते कारण घराला सगळ्यात जास्त पोखरतं ते हेच. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ६०,००० वर २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, झाले २,४७८. तुम्ही ३,००० भरले म्हणजे मुद्दलातून फक्त ५२२ रुपये गेले! वर बाकी पूर्ण भरली नसेल तर नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज किराणा घेतला की आजपासून व्याज सुरू. दर महिन्याला ठरवून ३,००० भरत राहिलात आणि कार्ड अजिबात वापरलं नाहीत तरी फिटायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात, आणि नुसतं मिनिमम भरत गेलात तर बाकी कमी होईल तसं मिनिममही कमी होतं आणि ते रेंगाळतच राहतं.

इथे सोनं कामाला येतं. मला माहितीये सोनं गहाण ठेवायचं म्हटलं की घरात वातावरण तंग होतं, आणि ते दागिने बायकोचे असतात, तिच्या माहेरचे असतात, तेव्हा निर्णय तिचाच, तिने नाही म्हटलं तर विषय संपला, परत परत काढायचा नाही. पण ती तयार असेल तर गणित सरळ आहे, बँकेचं गोल्ड लोन साधारण महिन्याला एक टक्क्याच्या आसपास पडतं, ६०,००० वर ६०० रुपये व्याज. तेच ३,००० भरत राहिलात तर दोन वर्षांच्या आत फिटून दागिने घरी येतात. दोन अटी आहेत. एक, वर्षाच्या शेवटी सगळं एकदम भरायची स्कीम घेऊ नका, दर महिन्याला मुद्दलासकट भरता येईल अशी घ्या, कारण वर्षाच्या शेवटी पैसे नसतात, मग नूतनीकरण, मग पुन्हा नूतनीकरण, आणि एक दिवस लिलावाची नोटीस. दुसरी, कार्ड बंद किंवा निदान लिमिट अगदी कमी करून टाका त्याच आठवड्यात. मोकळं झालेलं कार्ड घरात राहिलं तर वर्षभरात सोन्याचं कर्ज पण असतं आणि कार्डाचं पण. सोनं नसेल तर एलआयसी पॉलिसीवर कर्ज मिळतं का बघा, पीपीएफ असेल आणि तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यातूनही थोडं कर्ज अगदी कमी व्याजाने मिळतं. आणि बँकेत ७ टक्क्यांची एफडी ठेवून कार्डाचं ४० टक्के व्याज भरणारी माणसं आहेत, त्यांना हात जोडून सांगते, एफडी मोडा.

मग कुठलं आधी फेडायचं? माझा क्रम असा. खाजगी सावकार आणि मोबाईलमधली कर्जाची ॲप सगळ्यात आधी, तिथे व्याजापेक्षा माणसाच्या मनःशांतीचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन्स नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, लायसन्सवाल्यालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. त्यानंतर कार्ड, मग पर्सनल लोन, मग पतसंस्था, आणि होम लोन सगळ्यात शेवटी, त्याची घाई नको. हातउसन्यांचं वेगळं आहे. ते क्रमात मागे असले तरी माणसाला आजच फोन करा, सांगा की अमुक महिन्यापासून १,५०० देणार आहे, आणि मग एक महिना सुद्धा चुकवू नका. नात्यात रकमेपेक्षा न सांगता गप्प बसणं जास्त लागतं.

आता त्या घराचं परत बघू. एलआयसीची पॉलिसी बरीच वर्षं भरलेली असेल तर ती पेड-अप करता येते का, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून कमी रकमेवर चालू ठेवता येते का, हे एजंटला न विचारता थेट शाखेत जाऊन विचारा, एजंट कधीच हो म्हणणार नाही. पण त्याआधी विम्याचं दुसरं छत्र हवं, ते नसेल तर पॉलिसीला हात लावू नका. चांगला टर्म प्लॅन परवडला तर उत्तमच, निदान बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा तरी दोघांचाही चालू करा. पेड-अपने १२,००० वाचले, कंपनीचा १५,००० बोनस दरवर्षी नक्की येत असेल तर तो या वर्षाच्या पानाला लावा, मग ५८,००० चे राहिले ३१,०००, म्हणजे महिन्याला २,६०० बाजूला काढायचे. त्यासाठी बँकेत बारा महिन्यांची आरडी उघडा, किंवा वेगळं सेव्हिंग खातं ज्याला यूपीआय जोडलेलं नाही. जूनला पैसे लागणार असतील तर आरडी जूनच्या आधी संपेल अशा बेताने सुरू करा. आता घराला उरले १६,१००. किराणा-गॅस ६,०००, दूध-भाजी ३,८००, लाईट-मोबाईल-मेंटेनन्स २,८००, पेट्रोल-प्रवास १,८००, औषधं-किरकोळ १,२००, आणि ५०० हातखर्च. तंग आहे, खोटं सांगत नाही, पण जूनमध्ये आणि दिवाळीत कुठे हात पसरावा लागत नाही. चार महिन्यांनी मोबाईलचा हप्ता संपतो, ते १,५०० लगेच घरखर्चात मिसळू देऊ नका. आधी दहा महिने साठवून १५,००० ची गंगाजळी करा, अचानक दवाखाना निघाला, गाडी बंद पडली तर कार्ड काढावं लागू नये म्हणून. त्यानंतर तेच १,५०० मेहुण्याला. मेहुण्याला महिना तोच सांगायचा जो खरा आहे.

तारखांचं सांगते, हे छोटं वाटतं पण पैसे खातं. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला असेल तर बँकेला लेखी अर्ज देऊन तारीख बदलून मागा, पुष्कळदा मिळते. एक हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक वेगळे पैसे कापते आणि कर्ज देणारा वेगळे, वर रिपोर्टवर डाग. हप्त्यांसाठी एकच खातं ठेवा, पगार झाल्या दिवशी हप्त्यांची पूर्ण रक्कम तिकडे टाकून द्या आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड कपाटात.

घरखर्चासाठी आठवड्याचा हिशोब सगळ्यात बरा चालतो. महिन्याचे पैसे एकदम हातात असले की पहिल्या पंधरवड्यात मोकळेपणाने जातात आणि वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते. दर सोमवारी यूपीआयच्या खात्यात त्या आठवड्याचेच पैसे टाका. एकदा मागच्या तीन महिन्यांचं यूपीआयचं स्टेटमेंट दोघांनी मिळून बघा, चहा-वडापाव, दहा मिनिटांत घरी येणाऱ्या वस्तू, वीस-तीस रुपयांचं रिचार्ज, कुणाला काही बोलायची गरज पडत नाही, आकडे दिसतात. किराणा यादी करून महिन्यातून एकदाच. भाजी आठवडी बाजारातून, शक्यतो संध्याकाळी उशिरा. तूरडाळ महाग असेल तेव्हा मूग-मसूर मिसळा, कडधान्यं भिजवून मोड आणा. दूध, अंडी, मुलांची फळं यात कापाकापी करू नका, त्याची भरपाई दवाखान्यात होते. लाईट बिलात १०० युनिटच्या पुढच्या युनिटचा दर चांगलाच चढतो, महिन्याच्या मध्यावर एकदा मीटर बघायची सवय लावा. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना फुकट, गावाला जाताना गाडी काढायच्या आधी हा हिशोब करा. मुलगी बारावीनंतर इंजिनीअरिंग, फार्मसी वगैरेला जाणार असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून शासनाने तिची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केलीय, त्यासाठी एज्युकेशन लोन घ्यायच्या आधी कॉलेजात विचारा. दवाखान्याचं पण तसंच, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात, रेशन कार्ड आणि आधारवरची नावं आत्ताच जुळवून ठेवा, ॲडमिट झाल्यावर ती धावपळ होत नाही.

आता घरातली माणसं. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी चहा झाला की, नवरा-बायकोने अर्धा तास वही घेऊन बसायचं, बाकी किती कमी झाली ते लिहायचं, पुढच्या महिन्यात काय येतंय ते बघायचं आणि वही बंद. बाकी दिवस जेवताना पैशाचा विषय काढायचा नाही, हे अगदी पाळा. ते ५०० रुपये मी हातखर्चाला मुद्दाम ठेवलेत, अडीचशे त्याचे अडीचशे तिचे, त्याचा हिशोब एकमेकांना विचारायचा नाही. हे वाचवले तर कर्ज महिनाभर आधी फिटेल असं वाटतं, पण दर वेळी दहा रुपयांसाठी उत्तर द्यावं लागलं की माणूस लपवायला लागतो आणि लपवाछपवी सुरू झाली की वहीला काही अर्थ उरत नाही. डबे करून ती जे ७,००० आणते ते घराच्या मिळकतीत स्वच्छ लिहा, तिच्या नावापुढे लिहा. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांना सांगा की आपण एक कर्ज फेडतोय, अमुक वर्षी संपेल, घाबरण्यासारखं काही नाही, म्हणून यंदा सायकल नाही, पुढच्या वर्षी बघू. खरं कारण कळलं की मुलं समजून घेतात, नुसतं नाही म्हटलं की हिरमुसतात. सासू-सासरे बरोबर असतील तर त्यांनाही विश्वासात घ्या, नाहीतर पाहुण्यांच्या मानपानावरून नको तो तिढा होतो. आहेर किती करायचा ते वर्षाच्या सुरुवातीलाच घरात ठरवून टाका, जवळचं लग्न एवढे, लांबचं एवढे, आणि मग लोक काय म्हणतील याचा विचार करायचा नाही. गणपती-दिवाळी मात्र बंद करू नका. तीन वर्षं सण नसलेलं घर फार उदास होतं, ८,००० ची दिवाळी ५,००० त करा, फराळ घरी करा, पण करा.

कर्ज फिटेपर्यंत कुणाला जामीन राहू नका. सख्खा भाऊ असला तरी. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि पतसंस्था सरळ तुमच्या पगारातून कापून घेते. सांगायला जड जातं, म्हणून एक वाक्य ठरवून ठेवा, "आमच्यावरच कर्ज आहे, बँक मला जामीन धरत नाही."

एखादा महिना खरंच जमणार नसेल, नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा आणि लेखी द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. चुकल्यानंतर तीच माणसं वेगळं बोलतात. वसुलीचे फोन आले तर रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर अपमान यातलं काहीच चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांचा फोन १४४४८. आणि "इतके भरा, बाकीचं सोडून देतो" अशी सेटलमेंटची ऑफर आली तर हुरळून जाऊ नका, रिपोर्टवर सेटल्ड असा शेरा पडतो आणि पुढे कित्येक वर्षं कर्ज मिळायला अडचण येते. दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, आणि तेही बँकेच्या पत्रावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया भरू नका.

एकेक कर्ज संपेल तसा त्याचा हप्ता पुढच्या कर्जाला जोडा. पर्सनल लोन मुदतीआधी फेडताना दंड किती ते आधी विचारा, होम लोन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं आणि स्वतःच्या नावावर असेल तर त्याला असा दंड लावता येत नाही. शेवटचा हप्ता गेला की विसरून जायचं नाही, नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, गाडी असेल तर एनओसी घेऊन आरसी बुकावरचं बँकेचं नाव काढा, सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर तलाठ्याकडे जाऊन कमी करून घ्या. घराची मूळ कागदपत्रं पूर्ण कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यावी लागतात, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यायचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट परत काढा, कर्ज क्लोज्ड दिसतंय ना बघा. दिसत नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्त नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मागता येते.